उन्हाळा कोरडा ठणठणीत, मग भूमध्यसागरी हवामानात पाणथळ जागा टिकतात कशा?

चिखलवाट:
सध्या पाणथळ जागांबद्दल वाचतोय. भूमध्यसागरी हवामान म्हणजे हिवाळ्यात पाऊस आणि उन्हाळ्यात चार-पाच महिने थेंब नाही, बरोबर ना? मग स्पेनच्या दोन्यानाला युरोपातल्या सगळ्यात भारी दलदलींपैकी एक कसं काय म्हणतात? मी सॅटेलाइट इमेज उघडली तर नुसतं तपकिरी मैदान दिसलं, पाण्याचा पत्ताच नाही. ते मेलंय का मी चुकीची जागा बघतोय?

पाणकणीस:
जागा बरोबर आहे, महिना कुठला बघितलास? जुलै-ऑगस्टची असेल तर ती तशीच दिसणार. तिथला तळ चिकणमातीचा, त्यामुळे शरद-हिवाळ्यातला पाऊस आणि ओढ्यांचं पाणी साचून राहतं आणि उन्हाळ्यात ऊन ते ओढून घेतं. असं हवामान फक्त भूमध्य समुद्राभोवती नाही हां, कॅलिफोर्निया, मध्य चिली, दक्षिण आफ्रिकेचं केप आणि ऑस्ट्रेलियाचा नैऋत्य नि दक्षिण भाग, साधारण ३० ते ४५ अक्षांशांत, बहुतेक खंडांच्या पश्चिम कडेला. आणि पाचही ठिकाणी हंगामी तळी सापडतात.

मला सगळ्यात आवडतात ती कॅलिफोर्नियातली वसंत-डबकी. जमिनीखाली कडक थर, पाणी मुरत नाही, हिवाळ्यात गुडघाभर डबकं होतं. त्यात फेअरी श्रिंप नावाचे इवलेसे पारदर्शक झिंगे पाठीवर उलटे पोहत असतात, काही आठवड्यांत वाढतात, अंडी घालतात नि मरतात. अंडी कोरड्या मातीत वर्षानुवर्षं पडून राहतात, पाणी आलं की परत सुरू. पाणी कडेकडेनं आटत जातं तशी फुलं उमलतात, म्हणून वरून बघितलं तर एकात एक रंगीत कडी दिसतात.

खेकडा७:
आणि गंमत म्हणजे हे डबकं "वाचवायला" कोणी वर्षभर भरून ठेवलं तर वाट लागते. कायम पाणी म्हणजे मासे टिकतात, आणि मासे झिंगे गट्टम करतात. आटणं हेच त्यांचं संरक्षण आहे.

चिखलवाट:
अच्छा! मग दुष्काळ पडला तरी काही बिघडत नाही म्हणायचं का?

पाणकणीस:
नाही नाही, तसं अजिबात नाही, इथेच लोकांची गफलत होते. आटावं, पण आपल्या वेळेला. पर्थजवळच्या पश्चिमी दलदल-कासवाचं बघ, ते पाण्यातच खातं, उन्हाळाभर बिळात नाहीतर पालापाचोळ्याखाली पडून असतं. नामशेष झालं असं समजत होते, १९५३ मध्ये परत सापडलं. पिल्लांना पहिला उन्हाळा काढायला आधी पुरेसं अंग धरावं लागतं, आणि तिथे १९७० च्या दशकापासून हिवाळी पाऊस कमी झालाय, म्हणजे पाणी लवकर संपतं नि पिल्लू लहानच राहतं. म्हणून २०१६ मध्ये काही कासवं प्रयोग म्हणून आणखी दक्षिणेला, जास्त थंड नि ओल्या भागात सोडली.

खेकडा७:
दोन्यानाचा प्रॉब्लेम तर पावसापेक्षा पंपाचा आहे. भोवती स्ट्रॉबेरीची शेती, जमिनीखालचं पाणी उपसलं जातं, २०२१ मध्ये युरोपियन कोर्टाने यावरून स्पेनला दोषी ठरवलं.

ट्युनिशियाचं इश्केल सरोवर पण बघ. हिवाळ्यात नद्यांचं गोडं पाणी येतं, उन्हाळ्यात पातळी खाली जाते आणि समुद्राकडचं खारं पाणी आत शिरतं, दरवर्षी असं आलटून पालटून. वरच्या नद्यांवर धरणं झाली, गोडं पाणी कमी पडलं, खारटपणा वाढला, पाणवनस्पती गेली आणि तिच्यावर जगणारी बदकं-हंसही रोडावले. १९९६ ते २००६ ते जागतिक वारशाच्या धोक्यातल्या यादीत होतं.

चिखलवाट:
आत्ता एका चांगल्या पावसाच्या वर्षाची फेब्रुवारीतली इमेज उघडली. अरे बापरे, तेच तपकिरी मैदान, आणि निम्मी स्क्रीन निळीकाळी! जुलैत मी त्यालाच मेलेलं म्हणत होतो.