बंब लाकडावर, मग सिलेंडर कधी बुक करायचा?

प्रश्न: आम्ही जुळे सोलापूरला, आंघोळीचं पाणी बंबावर तुराट्या-बाभळीवर तापवतो त्यामुळं सिलेंडर अडीच महिने जातो पण संपणार कधी तेच कळंना, मागचा तर तव्यावर भाकरी असतानाच गेला. अंदाज कसा लावता?

उत्तर: ओल्या फडक्यानं टाकी पुसा, गॅस आहे तिथपर्यंतची ओल उशिरा वाळती.

उत्तर: वजन सगळ्यात खात्रीचं. टाकीवर रिकामं वजन लिहिलेलं असतंय, त्यात १४.२ किलो मिळवा, भरलेली तेवढी भरली पाहिजे, घेतानाच काट्यावर बघा. आणि बंब बंद बाथरूममध्ये पेटवू नका ताई, धूर जीवघेणा असतोय.

प्रश्नकर्ती: बंब अंगणातच आहे. आत्ता पुसून बघितली, खाली चारच बोटं ओल राहिली, बुक करते लगेच.