कॉर्नरबॅक मुलांना रूट ओळखायला कसं शिकवायचं?

पहिला_हंगाम
मुलाच्या शाळेच्या अमेरिकन फुटबॉल टीमला यंदा मदतनीस कोच म्हणून जातो. डिफेन्सिव्ह बॅक (पास रोखणारे मागचे खेळाडू; कॉर्नरबॅक त्यातलेच, बाहेरच्या रिसीव्हरसमोर उभे राहणारे) माझ्याकडे, १३-१४ वर्षांची सात मुलं. रूट ट्री, म्हणजे पास झेलणाऱ्या रिसीव्हरच्या पळायच्या वाटांची आकडेवार यादी, सगळ्यांना तोंडपाठ आहे: ० हिच (थोडं पळून थांबायचं), २ स्लँट (तिरपं आत), ५ आउट (बाहेर वळायचं), ८ पोस्ट (खोल जाऊन आत), ९ गो (सरळ पुढे). फळ्यावर विचारलं की एकही चुकत नाही. मैदानात मात्र रिसीव्हर वळला की दोन पावलं उशीर होतो. उशीर टाळायला अंदाजाने झेप घेतली, तर बॉल डोक्यावरून जातो. शेवटच्या मॅचमध्ये एकाच मुलावर तीनदा असं झालं. बाकावर येऊन बसला आणि हेल्मेट काढायलाही तयार नव्हता. माझं काय चुकतंय?

जुना_कॉर्नर
हेल्मेट न काढणारा मुलगा माझ्याही टीममध्ये होता, आणि तो माझ्यामुळे तसा बसला होता. पहिली दोन वर्षं मीही नावंच घोकून घेतली. ‘हा कोणता रूट?’ हा प्रश्न कॉर्नरला पडूच देऊ नका. त्याने स्वतःला विचारायचं ते हे: ‘आता याला काय पळता येणार नाही?’ एकेक फांदी छाटत जायचं.

पहिली छाटणी स्नॅपच्या, म्हणजे बॉल मागे देऊन खेळी सुरू होण्याच्या आधी. रिसीव्हर मैदानावर रंगवलेल्या आकड्यांच्या बाहेर, साइडलाइनजवळ उभा असेल तर त्याला बाहेर वळायला जागाच उरत नाही. आउट जवळपास बाद. स्लँट, पोस्ट, डिग (पुढे जाऊन काटकोनात आत) किंवा गो धरा. आत टॅकलकडे (मधल्या रांगेच्या टोकाच्या खेळाडूकडे) सरकून उभा असेल तर बाहेरची जागा त्याने मुद्दाम मोकळी ठेवली असावी. तिथे आउट, कॉर्नर रूट (खोल जाऊन बाहेर) आणि मैदान आडवं कापणाऱ्या क्रॉसरची शंका घ्यायची. माझी मुलं स्नॅपआधी मोठ्याने ‘आत’ किंवा ‘बाहेर’ ओरडतात.

दुसरी क्वार्टरबॅकच्या, म्हणजे पास फेकणाऱ्याच्या पायांवरून. ६-७ यार्डांवरून मागे सरकताना सुरुवातीला नजर रिसीव्हरच्या पलीकडे, क्वार्टरबॅककडे. तो तिसऱ्या पावलाला थांबून हात मागे नेत असेल तर हिच, स्लँट किंवा छोटा आउट. त्यापुढे मागे जात राहिला की हे तिन्ही मागे पडले, नजर ताबडतोब रिसीव्हरच्या कंबरेवर. समोरची टीम शॉटगनमधून (क्वार्टरबॅक आधीच काही यार्ड मागे उभा) खेळत असेल तर तीन पावलांचा हिशेब एका पावलावर येतो, हे वेगळं करून दाखवा. आणि मॅन कव्हरेजमध्ये (प्रत्येकाने आपला एकच रिसीव्हर धरायचा) असलं काही नको, तिथे डोळे रिसीव्हरवरून हलवायचेच नाहीत.

तिसरी कंबर. डोक्याने आणि खांद्यांनी हुलकावणी देता येते. पण कर्ल, कमबॅक (दोन्हीत पुढे जाऊन मागे वळायचं) किंवा डिगसाठी वेग मारायचा तर रिसीव्हरला कंबर खाली घ्यावी लागते, छाती उभी होते, पावलं आखूड पडतात. १०-१२ यार्डांच्या आसपास हे दिसतं. तिथून पुढेही छाती झुकलेली आणि हात जोरात चालू असतील तर पोस्ट, कॉर्नर नाहीतर गो. तुमचा मुलगा बहुधा इथेच सापडला: अंतर कमी होत गेलं तरी बॅकपेडलच करत (उलट्या पावलांनी मागे सरकत) राहिला, नाहीतर खांद्याला फसून पुढे आला. मध्ये ३ यार्ड उरले की वळून पळायचं, रूट ओळखू येवो न येवो.

सराव एकच सांगतो. बॉल नको. रिसीव्हर अर्ध्या वेगाने निघेल, तुम्ही कुठल्याही पावलाला शिट्टी मारा, सगळे जागच्या जागी थांबतील. काय बाद झालं आणि कशावरून, हे कॉर्नरने सांगायचं. नाव बरोबर पण कारण नाही, तर मी चूक धरतो. रोज १० मिनिटं पुरतात.

बाराव्या_यार्डावर
मी सेफ्टी, म्हणजे सगळ्यात मागचे बचावपटू शिकवते, म्हणून एक भर. रूट जोडीने येतात. रिसीव्हर साइडलाइनकडून आत मोजा. दोन नंबर लगेच बाहेर फ्लॅटमध्ये (साइडलाइनकडच्या जवळच्या जागेत) पळाला की एक नंबर बहुतेक आत येतो, स्लँट किंवा कर्ल. एक नंबर ५ यार्डांवर थांबला आणि दोन नंबर वर जाऊन कॉर्नर पळाला, तर तो स्मॅश. कव्हर २ चा (मागे दोन सेफ्टी, पुढची जागा कॉर्नरची) कॉर्नर त्या हिचकडे ओढला गेला की बॉल त्याच्या मागे पडतो.

मुलांना सुपर बोल ४९ मधली, १ फेब्रुवारी २०१५ ची न्यू इंग्लंडच्या माल्कम बटलरची इंटरसेप्शन (समोरच्या टीमचा पास मध्येच पकडणं) दाखवा. गोल लाइन एका यार्डावर, सिअ‍ॅटलचे दोन रिसीव्हर एकामागे एक. सरावात त्याच खेळीवर बटलर हरला होता. या वेळी मांडणी ओळखून तो स्लँटच्या वाटेत रिसीव्हरच्या आधी पोचला. पण व्हिडिओ थांबवून आधी बटलरचा साथीदार ब्रँडन ब्राउनर दाखवा. त्याने पुढच्या रिसीव्हरला लाइनवरच रोखून धरलं, म्हणून बटलरला वाट मोकळी मिळाली.

पहिला_हंगाम
आज शिट्टीचा सराव घेतला. त्याच मुलाला पाचव्या पावलाला थांबवलं. म्हणाला, “आकड्यांच्या बाहेर होता, म्हणून आउट नाही. छाती पुढे आहे, थांबत नाहीये.” मग अंतर बघून स्वतःच म्हणाला, “मी आत्तापर्यंत वळायला हवं होतं.”
पण हिच दाखवून गो पळणारा आला तर? छाटलेली फांदी पुन्हा फुटणार ना?

जुना_कॉर्नर
फुटते, म्हणून गो कधीच छाटायचा नाही. खऱ्या हिचमध्ये पाय थांबतात आणि छाती पूर्ण क्वार्टरबॅककडे वळते. खोट्यात खांदे वळतात, पाय चालूच राहतात. पाय थांबलेले दिसेपर्यंत पुढे यायचं नाही. एवढ्यात खरा हिच झेलला गेला तर जाऊ दे, जागीच टॅकल करायचं. समोर झेललेला ५ यार्डांचा बॉल तुझी चूक धरणार नाही, हे त्या मुलाला पुढच्या मॅचच्या आधी तुमच्या तोंडून ऐकू द्या. माझ्या मुलाला मी ते हंगाम संपल्यावर सांगितलं.