टोकियोचा सहावा दाइबा: बंदच बरा की खुला करावा?

खाडीवाला:
रविवारी पोरांना घेऊन ओदाइबाच्या तिसऱ्या दाइबावर गेलो होतो. दाइबा म्हणजे समुद्रात भराव घालून केलेला तोफांचा चौथरा, एक बेटच म्हणा ना. १८५३ मध्ये अमेरिकेचा नौदल अधिकारी पेरी चार जहाजं घेऊन उरागा बंदराला थडकला आणि शोगुनचं (जपानच्या लष्करी सत्ताधीशाचं) धाबं दणाणलं. त्याची राजधानी एदो (आजचं टोकियो) वाचवायला एगावा हिदेतात्सुच्या देखरेखीखाली समुद्रात ११ दाइबा आखले, पुरे झाले ५ (पहिले तीन, पाचवा नि सहावा). आज शिल्लक दोनच. तिसऱ्याची १९२८ मध्ये बाग झाली. सहाव्यावर माणसाला जायला बंदी, किनाऱ्यावरून नुसती झाडी बघायची. एवढा इतिहास रानात कुजवण्यापेक्षा एक होडी सोडा, तिकीट लावा. माणसं जातील तरच जपणूक होईल ना?

रातकिडा:
साफ असहमत. तिसऱ्यावर तोफांचे ओटे बघितलेत ना? सिमेंटचे आहेत ते, मागाहून केलेले. माणसं आली की त्यांना दाखवायला काहीतरी लागतं, मग असले ओटे येतात. सहाव्यावर झाडं नि पक्षी आहेत. राहू द्या.

फटकळ:
पण मुळात जपायचं काय? शत्रूवर एक गोळा सुटला नाही तिथून. मार्च १८५४ मध्ये अमेरिकेशी तह झाला, पाचवा-सहावा त्यानंतर काही महिन्यांनी उभे राहिले. वरातीमागून घोडं! आणि भरावाच्या मातीसाठी गोतेनयामाची टेकडी खणली, जिथं लोक चेरीचा बहर बघायला जायचे.

दगडफोड्या:
फटकळराव, तोफ उडाली नाही म्हणून किल्ला फुकट, हे काही पटत नाही. तटाचा वरचा थर बघा. दगडांची एक ओळ मुद्दाम बाहेर काढलीय. पाण्यातून कोणी चढलाच, तर त्याचं डोकं त्या पडवीसारख्या दगडालाच आपटावं. हे दगड इझू द्वीपकल्पाहून जहाजांनी आणले, आणि समुद्राच्या तळावर पाया घालून वर्षाच्या आत पहिले तीन दाइबा उभे केले. राखणीला कोण? तिसऱ्यावर ओशीचे सामुराई, सहाव्यावर मात्सुशिरोचे. दोन्ही संस्थानांना समुद्रच नाही! मात्सुशिरो तर पार डोंगरातलं. त्या बिचाऱ्यांनी भरती-ओहोटी कधी बघितली असेल?

फटकळ:
ही माहिती नवीन आहे. तरी वरातीमागून घोडं ते घोडंच.

खाडीवाला:
बरं, रोजची होडी नको. वर्षातून एक दिवस, पन्नास माणसं, सोबत जाणकार. एवढ्यानं काय बिघडतं?

रातकिडा:
काका, एक विचारू? रविवारी तिसऱ्यावर तुमची पोरं काय करत होती?

खाडीवाला:
ओट्यांवरून उड्या मारत होती. सिमेंटचेच होते म्हणा.