पाथरी घरच्या वाफ्यात लावायची आहे, बी उगवतच नाही, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, आम्ही दारव्हा तालुक्यातले. वावर काळ्या मातीचं, पऱ्हाटी आन तूर, विहिरीला पाणी टिकलं तर गहू. मला पाथरी या रानभाजीबद्दल विचारायचं आहे, काही जण पातरी म्हणतात तीच. पानं जमिनीला चिकटून पसरतात, कडेला बारीक पांढरे दाते, तोडलं की दूध निघते आणि हिवाळ्यात पिवळी फुलं, सकाळी उघडी अन दुपारी मिटलेली. शास्त्रीय नाव लाउनिया प्रोकम्बेन्स, झेंडू-सूर्यफुलाच्याच कुळातली हाय.

पहिले आमच्या गव्हात आणि धुऱ्यावर एवढी राहायची की निंदणाच्या बाया घरी जाताना ओटी भरून न्यायच्या. मग चोर बीटी आली, म्हणजे तणनाशक मारलं तरी न मरणारं बिनपरवान्याचं कपाशीचं बियाणं, मग तणनाशक आलं, आम्ही पण मारतो, मजुरी परवडत नाही, खोटं कशाला बोलू. आता दोन हिवाळे झाले वावरात पाथरीचं एक पान दिसलं नाही. बाजारात एखादी बाई ढिगली घेऊन बसते पण ती कोणत्या वावरातली, त्यावर काय मारलेलं, कोण सांगणार, आणि आमच्याकडे ही भाजी कच्ची खातात. बारीक चिरायची, कांदा, तिखट, मीठ, वरून कच्चं फल्लीचं तेल, सोबत ज्वारीची भाकर. मुगाच्या डाळीत शिजवतात तेही चांगलंच लागते, पण कच्चीची गोष्ट वेगळी. सासूबाईंचे दात गेले, चावता येत नाही, तरी पान चुरगाळून गालात धरून बसतात, म्हणतात कडूपणा जिभेवर आला की हिवाळा लागला. मागच्या वर्षी सारखं विचारत होत्या, पाथरी नाही आणली का वं. त्यांच्यासाठीच हे सगळं चाललं आहे.

मी काय केलं ते सांगते. फेब्रुवारीत पाटाच्या कडेच्या झाडांचं बी आणलं, डब्यात ठेवलं, जूनच्या पहिल्या पावसात वाफा करून मेथीसारखं मातीत घातलं. काहीच नाही, नुसतं गाजर गवत आणि केना. राहिलेलं बी दिवाळीत वरच्यावर टाकलं तर वाऱ्यानं गेलं का मुंग्यांनी नेलं कळलं नाही. मग दोन झाडं कुदळीनं खणून आणली, मूळ मधातच तुटलं, चार दिवसांत माना टाकल्या. कृषी केंद्रात विचारलं तर ते म्हणे ताई हे तण हाय, याचं औषध देतो. तर बी कधी टाकायचं, जुनं चालते का, आणि झाड आणायचं तर कसं?

प्रतिसाद १
ताई, आमची संत्र्याची बाग आहे, आळ्यात पाथरी आपोआप येते, त्यावरून सांगतो. पावसाळ्यात टाकू नका, तण दाबून टाकते. पाऊस गेल्यावर, रात्री गार व्हायला लागल्या की टाका. आणि खोल अजिबात नाही, बी किती हलकं आहे पाहा, ते मातीवर पडूनच उगवते. बियाला चिकटलेला कापूस चोळून काढा, गाळलेल्या मातीत कालवून शिंपडा, हातानं दाबा, वरून ओलं पोतं झाका आणि कोंब दिसला की लगेच काढा. पोत्यानं वारा पण लागत नाही. बी ताजंच घ्या. चिमटीत दाबून पाहा, चपटं पांढुरकं फोल असते, भरलेलं तेवढं ठेवा. ऊन पाहिजे, सावलीत पानं लांबुडकी होतात.

प्रतिसाद २
फुलं म्हातारी होऊन उडायच्या आधी खुडत जा नाहीतर शेजारच्या वावरात जाईन अन भांडण होईन. बियासाठी दोन-चार झाडं ठेवा, त्याच्या बोंडावर पातळ फडकं बांधा. आणि झाड मोठं आणू नका बापा, मूळ लय खोल जाते. चार-पाच पानांचं असतानाच आदल्या दिवशी पाणी टाकून ढेकळासकट काढा.

धागाकर्ती
दोघांचे मनापासून आभार दादा. एक गोष्ट लिहायची राहून गेली होती, जिथून ती दोन झाडं खणली तिथं परवा गेले तर तुटून राहिलेल्या मुळाला नवीन पानं फुटलेली, बोटाएवढी. म्हणजे मुळाचे तुकडेच आणून लावले तर जमेल का? कोणी करून पाह्यलं असेल तर सांगा.

प्रतिसाद १
लावून मी नाही पाह्यलं, पण आमच्याकडे विळ्यानं वरून कापली की त्याच मुळाला परत फुटते, हिवाळाभर तीन-चारदा काढतो. तुम्ही दोन्ही करा, अर्ध्या वाफ्यात बी, अर्ध्यात मुळं. मुळाचं वरचं तोंड वरच राहू द्या, उलटं नका लावू. आणि पाटाकडची जागा फवारणीपासून किती दूर आहे ते पहिले पाहून घ्या.

धागाकर्ती
पाटाच्या त्या बाजूला पडीत आहे, कोणी फवारत नाही. उद्या सकाळी फुलं मिटायच्या आत जाते, पिवळं दिसलं की झाडं सापडायला सोपी जातात. सासूबाई म्हणतात मी पण येतो, जागा मला माहीत हाय.