‘हॅनकॉक’चा उत्तरार्ध: दारुड्या नायकाला पटकथेनेच वाऱ्यावर सोडलं का?

रानवाट:
(शेवटासकट सगळी गोष्ट येणार आहे. पाहिला नसेल तर पुढे वाचू नका.)

२००८ साली आलेला, पीटर बर्गने दिग्दर्शित केलेला ‘हॅनकॉक’ पुन्हा पाहिला. माझं ठाम मत आहे की पूर्वार्ध सुपरहिरोपटांतल्या उत्तम कामांपैकी आहे आणि उत्तरार्ध त्याचाच घात करतो. विल स्मिथचा हॅनकॉक लॉस एंजेलिसमध्ये बाकावर पडून पितो, उडताना रस्ते-इमारती फोडतो. रुळांवर अडकलेल्या रे (जेसन बेटमन) या जनसंपर्कवाल्याला वाचवताना मालगाडीच उलथवतो. जीव वाचला तरी लोक शिव्याच देतात. मग रेच्या सल्ल्याने तो आपणहून तुरुंगात जातो. भिंत फोडून केव्हाही निघून जाऊ शकणारा माणूस तिथे गटचर्चेत गप्प बसून राहतो, हे मला फार भिडलं. बाहेर आल्यावर गोळीबारात अडकलेल्या पोलीस बाईला उचलण्याआधी तो तिची परवानगी मागतो! बदल दाखवावा तर असा.

आणि मग कळतं की रेची बायको मेरी (शार्लीझ थेरॉन) हीदेखील अमर, दोघं युगानुयुगांची जोडी, जवळ आले की शक्ती ओसरते. म्हणजे व्यसन, एकटेपणा, पश्चात्ताप यांचं उत्तर काय, तर दैवी नियम. इतकी माणसाची गोष्ट पुराणकथेला का जुंपली?

कंदील७:
साफ असहमत. जेवणाच्या टेबलावर तो काय सांगतो ते आठवा. ऐंशी वर्षांपूर्वी मायामीच्या इस्पितळात शुद्धीवर आला, स्मृती गेलेली, आणि विचारायला कुणीच आलं नाही. मी असा कसला माणूस असेन की माझं कुणी नव्हतं, हा प्रश्न घेऊन तो पितोय. मेरी तिथे होती आणि तो जगावा म्हणूनच निघून गेली, हे त्याचं उत्तर आहे. ते काढून टाकलंत तर दारूचं कारणच उरत नाही.

रानवाट:
कारण उरलं नसतं तर बिघडलं काय? प्यायला प्रत्येकाला हरवलेली प्रेयसी लागत नाही. तो प्रश्न अनुत्तरित ठेवूनही त्याला सुधारता आलं असतं, आणि ते श्रेय त्याचं एकट्याचं ठरलं असतं.

शाईपेन:
मला दोघांपेक्षा वेगळं खटकतं. रे त्याला चकचकीत पोशाख देतो, पोलिसांना ‘छान काम’ म्हणायला शिकवतो. ही प्रतिमेची डागडुजी झाली. पिणं कसं सुटलं हे सिनेमा जवळजवळ दाखवतच नाही. तुरुंगात बाटली मिळाली नाही म्हणून सुटलं, एवढंच? व्यसन जवळून पाहिलेल्या कुणालाही हे पटणार नाही. आणि हा दोष पूर्वार्धातलाच आहे, रानवाट.

रानवाट:
शाईपेन, मुद्दा रास्त आहे. तरी सौजन्याचे शब्द ओठांवर यायला त्याला किती जड जातं ते पाहा. तिथे मला नुसती डागडुजी दिसत नाही.

कंदील७:
इस्पितळातला शेवटचा प्रसंग मात्र दोघंही विसरताय. मेरी गोळी लागून मरणाच्या दारात, हा स्वतः रक्तबंबाळ. ती जगावी म्हणून तो धडपडत, आपटत तिच्यापासून लांब जातो. सुरुवातीला ज्याच्या उडण्याने शहर फुटायचं, त्याचं इथलं प्रत्येक पाऊल दुसऱ्यासाठी आहे. शक्ती ओसरण्याचा नियम नसता तर त्याला गमावण्यासारखं काही उरलंच नसतं. तुम्हाला हवा तो सुधारलेला माणूस मला इथे दिसतो, तुरुंगात नाही.

रानवाट:
प्रसंग ताकदीचा आहे, मान्य. पण तिथे दूर जाण्यावाचून पर्याय नव्हता, थांबला असता तर दोघंही मेले असते. तुरुंगात तो रोज थांबला, दार उघडं असल्यासारखंच होतं तरी. मी त्यालाच जास्त मोल देईन.