मदत हवी आहे: न्यू ऑर्लीन्सची पेटती कॉफी घरी कशी करायची?

न्यू ऑर्लीन्समध्ये राहणाऱ्या किंवा राहून आलेल्या मंडळींना एक विचारायचं आहे. नाताळात घरी 'काफे ब्रुलो', म्हणजे तिथली पेटती कॉफी, करायचा बेत आहे. १८४० साली सुरू झालेल्या तिथल्या आंत्वान्स रेस्टॉरंटचा हा प्रकार. त्याचं श्रेय सहसा संस्थापकांचे चिरंजीव ज्यूल्स अल्सियातोरे यांना देतात, काळ १८९०च्या आसपासचा.

साहित्य सोपं आहे: ब्रँडी, ऑरेंज लिकर (संत्र्याच्या स्वादाचं गोड मद्य), साखर, दालचिनी, लवंगा, लिंबाची व संत्र्याची साल आणि कडक काळी कॉफी. खरं कसब वाढण्यात आहे. संत्र्याची साल न तुटता एका लांब वेटोळ्यात सोलायची, तिला लवंगा टोचायच्या, काट्याने ती उंच धरायची आणि पेटती ब्रँडी पळीने वरून सोडायची. निळी ज्योत सालीवरून भांड्यात उतरते, लवंगा तडतडतात, सालीतलं तेल जळून वास सुटतो. मग कॉफी ओतून ज्योत विझवतात. मला हे सगळं रीतसर करायचं आहे, नुसती ब्रँडी घातलेली कॉफी नको.

आता अडचणी. ब्रँडी कोमट केल्याशिवाय नीट पेटत नाही हे माहीत आहे, पण किती कोमट करावी? तांब्याचं भांडं घ्यायचं तर आतून कल्हई हवीच ना? पळी किती लांब दांड्याची असावी? आणि तिथे घरोघरी चिकोरी घातलेली कॉफी वापरतात की साधी? फ्लॅटमध्ये करणार आहे, त्यामुळे आगीबाबतची काळजीही जरूर सांगा.