ब्रुसेला (गायींना गाभडवणारा जिवाणू): एका टेस्टमध्ये 7 पॉझिटिव्ह, दुसरीत त्यातल्या 5 निगेटिव्ह. कोणतं खरं? (मदत हवी आहे)

गोठेवाली: 120 गायींची रोझ बेंगाल टेस्ट (रक्ताच्या थेंबाची झटपट तपासणी, गुठळ्या दिसल्या की पॉझिटिव्ह) केली, 7 पॉझिटिव्ह. त्याच सातजणींची एलायझा (अँटिबॉडी शोधणारी लॅबमधली रक्ततपासणी) केली तर 2 पॉझिटिव्ह, 5 निगेटिव्ह. पहिल्या किटवर 95 टक्के अचूक असं लिहिलंय. मग ही चूक कशी? गोठ्यात कुणाला काही त्रास नाही. सातही गोठ्यातून काढू की दोनच? उद्या ठरवायचंय, लवकर सांगा.

कालवड: लस दिली होती का? वयं काय? शेवटच्या कधी व्यायल्या? एलायझा कोणत्या प्रकारची?

रानवारा: सातही काढा. आम्ही अशीच एक ठेवली, वर्षभरात चार गाभडल्या.

आकडेमोड: थांबा. 95 टक्के कशाचे? रोगी गाय पकडण्याचे, की निरोगी गाय निगेटिव्ह दाखवण्याचे? दुसरं असेल तर गोठ्यात एकही रोगी नसताना 120 मधल्या 6 पॉझिटिव्ह येतील! रोग जितका विरळ, तितकं पॉझिटिव्ह कमी भरवशाचं.

कालवड: रोझ बेंगाल निरोगी गायींत इतकी चुकत नाही. मला लसीचा संशय येतोय. एस-19 ही ब्रुसेलाची लस दिलेल्या कालवडींत अँटिबॉडी कित्येक महिने टिकतात आणि गुलाबी थेंबात गुठळ्या दिसतात. 4 मिनिटांनी लगेच वाचली होती ना? थेंब सुकत आला की उगाच गुठळ्या वाटतात.

साकव: दूध उकळूनच प्या, सगळ्यांनी. ब्रुसेला माणसालाही होतो.

गोपाळा: टीबीची टेस्ट करून घ्या त्यापेक्षा. ट्युबरक्युलिन टोचा, 72 तासांनी कातडीची जाडी मोजा.

कालवड: टीबीचं कुणी विचारलंच नाहीये, गोपाळा.

गोठेवाली: एलायझा कॉम्पिटिटिव्ह होती, म्हणजे लसीच्या अँटिबॉडींनी कमी फसणारी. निगेटिव्ह पाचांतल्या तीन कालवडी, 8 महिन्यांपूर्वी लस दिलेल्या. चौथी म्हातारी. पाचवी 10 दिवसांपूर्वी गाभडली, सातवा महिना होता, पण ते उन्हामुळे.

रानवारा: हे आधी सांगायचं ना! सातही काढा.

आकडेमोड: सात नाही. दोन्ही टेस्ट पॉझिटिव्ह असेल तरच रोगी धरलं तर निरोगी गायी वाचतात, पण काही रोगी निसटतात. एकीवरच धरलं तर उलट. लसवाल्या कालवडींना पहिला नियम लावा, त्या तूर्त राहू द्या. गाभडलेलीला तो लावू नका. शेवटच्या तिमाहीत गाभडणं हीच ब्रुसेलाची खूण, आणि गाभडण्याच्या सुमारास अँटिबॉडी कमी सापडू शकतात. तिचं निगेटिव्ह धरून चालू नका.

कालवड: सहमत. तिला आणि त्या दोघींना आजच वेगळं बांधा. तिच्या योनीस्रावाचा स्वॅब पीसीआरला द्या, काही आठवड्यांनी रक्त पुन्हा तपासा. म्हातारीचंही. गर्भ किंवा वार ठेवलीय का?

गोठेवाली: गर्भ पुरला. वार अडकली होती, मीच हात घालून काढली. मोजे नव्हते.

कालवड: ताई, गायींचं उद्या ठरलं नाही तरी चालेल. तुम्ही आधी डॉक्टरांकडे जा आणि ब्रुसेलाचा संशय असलेल्या गायीची वार उघड्या हातानं काढली, हे स्वतःहून सांगा. ताप, रात्री घाम, सांधे दुखणं असं काही आहे का?

गोठेवाली: परवापासून संध्याकाळी कणकण येतेय. सकाळीच जाते.